आधी हात मोजा, मग घरं

फुकट किराणा घरपोच द्यायचं ठरलं की पहिली बैठक पैशावर होते आणि दुसरी धान्यावर. गाड्या किती, चालवणार कोण, तिसऱ्या मजल्यावर पिशवी कोण चढवणार, हे विषय वाटपाच्या दिवशी सकाळी निघतात. तोवर यादीत साठ नावं चढलेली असतात आणि साठही घरांना ‘शनिवारी येतो’ म्हणून सांगून झालेलं असतं.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेले असे गट २०२० च्या साथीत जगभर उभे राहिले. लोक आपापल्या कामाधंद्याला परतले तसे त्यातले बरेच आटले. पैसे त्या मानाने जमतात, धान्यही मिळतं. दर आठवड्याला ठरल्या वेळी हजर होणारी माणसं मिळणं अवघड. म्हणून गटात नव्याने येणाऱ्याला एकच गोष्ट आधी सांगावीशी वाटते: घरं किती घ्यायची हे कोठीतल्या पोत्यांवरून ठरवू नका, हातांवरून ठरवा.

हिशेब सोपा आहे. एका गाडीत दोघं धरा, एक चालवणारा आणि एक चढणारा. गाडी उभी करायची, दार शोधायचं, जिना, बेल, दोन शब्द, खाली येऊन यादीवर खूण. यात सात-आठ मिनिटं जातात. घरं एकाच भागातली असतील तर मधला प्रवास चार-पाच मिनिटांचा. म्हणजे घरामागे बारा मिनिटं, तासाला पाच घरं, अडीच तासांत बारा. त्यापुढे ताणू नका. एकाची पिशवी दुसऱ्याच्या दारात जाते ती बहुतेक दमल्यावरच. तीन गाड्या असल्या तर छत्तीस घरं होतात, पण यादी तिसावर थांबवायची. तीनपैकी एक गाडी कुठल्या ना कुठल्या आठवड्यात येणार नाहीच. तेव्हा उरलेल्या दोन गाड्यांना पंधरा-पंधरा घरं तीन तासांत कशीबशी उरकता येतात, अठरा-अठरा नाही येत. एकटाच माणूस गाडी घेऊन निघणार असेल तर त्याला आठच घरं द्या; गाडी कुठेतरी अडचणीत लावून धावत वर जाण्यातच त्याचा जीव निम्मा होतो.

एकतिसावा फोन आला की काय बोलायचं हेही आधी ठरवून ठेवा. ‘या आठवड्यात जमणार नाही, प्रतीक्षायादीत तुमचं नाव पहिलं आहे’ हे ऐकायला कठोर वाटतं, पण ते खरं असतं आणि समोरचा माणूस दुसरी सोय बघायला मोकळा होतो. ‘बघतो’ हा शब्द यादी सांभाळणाऱ्यानं वापरूच नये. त्या एका शब्दाच्या भरवशावर कुणीतरी दिवसभर दाराकडे डोळे लावून बसतं.

फोनवर प्रश्न मोजकेच ठेवा. घरात माणसं किती, त्यात लहान मुलं किती. पत्ता, मजला, लिफ्ट आहे का, बेल चालते का. (बेल चालते का हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, बंद बेलपायी फुकट गेलेल्या चकरांची मोजदाद नाही.) घरी कधी असता. शिजवायची सोय काय आहे, फ्रिज आहे का. आणि शेवटी: काय नको? हा सगळ्यात कामाचा प्रश्न. ‘काय हवं?’ विचारलं की माणूस संकोचतो आणि ‘काहीही चालेल’ म्हणतो. ‘काय नको?’ म्हटलं की उत्तर लगेच येतं: साखर बंद आहे, शेंगदाणा घरात आणत नाही, कडक काही चावत नाही. कुणाला कोणता आजार आहे हे न विचारताच पिशवी नीट भरता येते.

उत्पन्न किती, कागदपत्रं आहेत का, ही वेळ का आली, हे प्रश्न विचारायचे नाहीत. यावर प्रत्येक गटात वाद होतो. गरज नसलेलं कुणी घेऊन गेलं तर? जाईल. तीस घरांत एखादं तसं निघालं तर एका पिशवीचं नुकसान. ते टाळायला पडताळणी लावली तर दर आठवड्याला दोन माणसांचे दोन-दोन तास त्यातच जाणार, आणि गळणार कोण? ज्यांच्याकडे दाखवायला कागद नाही ते, म्हणजे बहुधा सगळ्यात अडलेले. शिवाय आज पिशवी घेणारा पुढच्या महिन्यात पिशव्या भरायला येऊ शकतो. पहिल्याच फोनवर त्याची उलटतपासणी घेतलीत तर तो येणार नाही. परस्पर मदत आणि दानधर्म यांत माझ्या लेखी फरक आहे तो इथेच.

आता पिशवीत काय आणि किती. आपत्तीतल्या मदतकार्यासाठी स्फिअर नावाचे आंतरराष्ट्रीय निकष वापरतात. त्यात माणशी रोज २,१०० किलोकॅलरी हा आधार धरतात. अन्नाच्या भाषेत त्याचा ढोबळ पाया असा: माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळी-कडधान्यं, २५ ग्रॅम तेल. एवढ्यात साधारण १,८०० किलोकॅलरी होतात, बाकीच्या इतर जिनसांतून येतात. चार माणसांच्या घराला आठवड्याचा हा पूर्ण शिधा द्यायचा तर ११ किलो २०० ग्रॅम धान्य, पावणेदोन किलोच्या आसपास डाळी आणि ७०० ग्रॅम तेल लागतं. तेवढं प्रत्येक घराला देणं फार थोड्या गटांना परवडतं, आणि बहुतेक घरांना लागतही नाही. थोडंफार त्यांचं त्यांच्याकडे असतं. म्हणून निम्मा शिधा धरा: सहा किलो धान्य-पीठ, एक किलो डाळी, अर्धा लिटर तेल. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे अर्धा लिटर म्हणजे ४६० ग्रॅमच्या आत-बाहेर भरतं. त्यावर तीन किलो भाजी-कांदे-बटाटे, मीठ, साबण, चहा. घरामागे अकरा-बारा किलो. तीस घरांचे साडेतीनशे किलो झाले. हे वजन आधी खाली उतरवणारे, मग भरणारे आणि शेवटी जिने चढवणारे हात तेवढेच आहेत, हे लक्षात असू द्या.

एकट्या वृद्ध माणसाला चौघांच्या पिशवीचा सरळ चौथा हिस्सा देऊन भागत नाही. त्याला अर्ध्या किलोचे पुडे लागतात, ओढून उघडणारे डबे लागतात आणि पिशवीचं वजन चार किलोच्या वर नको, कारण दारापासून ओट्यापर्यंत ती त्याला एकट्यालाच न्यायची असते.

काही जिनसांच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला असला तर पोट जबरदस्त बिघडवतो. तो रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो, आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात नुसता ठेवून दिला तर त्यातलं विष मरत नाही. त्यामुळे धड शेगडी नसलेल्या घरी राजमा देऊ नका. डब्यातला शिजवलेला चालेल. तान्ह्या बाळाच्या दुधाची पावडर सरसकट प्रत्येक पिशवीत टाकू नका. ज्या घराने मागितली त्यालाच, बाळ घेतं तीच, सीलबंद आणि तारखेतली द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या घरी ती फुकट येऊन पडली की आईचं दूध कमी होण्याची भीती, आणि पाणी खात्रीचं नसेल तर बाळ आजारी पडण्याची. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही, म्हणून मधाच्या बाटलीवर तशी चिठ्ठी चिकटवा.

देणगीत आलेले डबे हातात घेऊन बघावे लागतात. फुगलेला डबा, गळका डबा, कडेच्या शिवणीवर चेपलेला डबा थेट कचऱ्यात. मधोमध हलका पोचा आलेला असेल तर तो चालतो. तारखांतही दोन प्रकार असतात. ‘या तारखेच्या आत वापरा’ म्हणजे त्यानंतर नाहीच. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ म्हणजे नंतर चव-पोत उतरेल, विष होणार नाही. तरीही मी म्हणेन, तारीख उलटलेलं असेल तर विचारून द्या, गुपचूप नको. घेणाऱ्याला तारीख वाचता येते, आणि मग बाकीच्या पिशवीवरचाही त्याचा विश्वास उडतो.

कोठीत पोती जमिनीवर टेकवू नका. निदान १५ सेंटीमीटर उंच फळीवर, भिंतीपासून थोडी सुटी ठेवा, म्हणजे ओल लागत नाही, मागे झाडता येतं आणि उंदीर फिरला तर दिसतो. पोत्यावर आल्याची तारीख ठळक लिहा आणि जुनं आधी काढा. पिठात जाळी दिसली किंवा तांदळात सोंडे दिसले तर ते पोतं त्याच मिनिटाला खोलीबाहेर न्या. चाळून वाटू म्हणणारा एक तरी भेटतोच. त्याचं ऐकू नका. अंडी चाळल्यावरही मालातच राहतात आणि काही आठवड्यांत घेणाऱ्याच्या डब्यात किडे होतात.

मोठं पोतं फोडून एक-एक किलोचे पुडे करणं स्वस्त पडतं, असं कागदावर दिसतं. २५ किलोच्या पोत्यातून पंचवीस पुडे मात्र क्वचितच निघतात. हात सढळ असतो, प्रत्येक पुड्यात २० ग्रॅम जास्त पडले की अर्धा किलो तिथेच गेला. थोडं सांडतं, थोडं पोत्याच्या तळाशी धूळ म्हणून राहतं. चोवीस धरूनच हिशेब करा. काटा रिकाम्या पिशवीसकट शून्यावर आणायचा. एक जण ओतणार, दुसरा फक्त काटा बघणार आणि तिसरा तोंड बांधणार. तिघांचा हात बसला की तासाला साठ-सत्तर पुडे होतात. तेवढी माणसं नसतील तर सरळ तयार पुडे विकत घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी. सुट्या पुड्यावर जिन्नस आणि भरल्याची तारीख लिहायलाच हवी. मूळ पोत्यावर ॲलर्जीबद्दल काही छापलेलं असेल तर तेही उतरवून काढा. शेंगदाणे सगळ्यांत शेवटी भरा, त्यासाठी डाव वेगळा ठेवा आणि नंतर टेबल पुसा.

पिशवी भरण्याकडे जरा जवळून बघू. रांगेत पहिला माणूस पिशवीत पिशवी घालतो, दुहेरी, आणि तिच्यावर क्रमांक टाकतो. दुसऱ्याकडे तळाचं सामान: डबे, पिठाचे पुडे आडवे. तिसऱ्याकडे डाळी, मीठ, आणि मधल्या फटीत उभी तेलाची बाटली. बाटली आत ठेवण्याआधी उलटी करून हलकेच दाबायची. झाकणाच्या कडेला एक थेंब जरी आला तरी ती बाजूला. तेल गळलं की कागदी पिशवीचा तळ भिजतो, आणि तो फुटतो नेमका जिन्यात. झाकण नीट असलं तरी बाटलीला स्वतःची छोटी प्लॅस्टिकची पिशवी घालून गाठ मारा. साबण वेगळा गुंडाळा, नाहीतर तांदळाला त्याचा वास लागतो आणि तो शिजवल्यावरही जात नाही. चौथा माणूस भाजी ठेवतो: खाली बटाटे, वर टोमॅटो. हिरवट किंवा कोंब फुटलेले बटाटे आत जाऊ देत नाही. अंडी आणि पाव पिशवीत जातच नाहीत. ती गाडीत वेगळ्या टोपलीत जातात आणि दारात हाती दिली जातात. शेवटचा माणूस काही भरत नाही. तो चिठ्ठी वाचतो, पिशवीत हात घालून मोजतो, ‘काय नको’ ची ओळ पुन्हा बघतो आणि तोंड बांधतो. हा माणूस रांगेतला सगळ्यात चिकित्सक असावा. घाई झाली की पहिलं त्यालाच उठवून भरायला लावतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मोठ्या घराला दोन पिशव्या लागतात. त्यांवर ‘७, दोनपैकी १’, ‘७, दोनपैकी २’ असं लिहा. नुसतं ७ लिहिलं तर फेरी संपल्यावर गाडीत एक बेवारस पिशवी उरते आणि ती कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही. गाडीत पिशव्या उलट क्रमाने चढवा, शेवटचं घर सगळ्यात आत. वीस पिशव्यांमागे एक जादा ठेवा, क्रमांक न घातलेली. फुटलेल्या, विसरलेल्या आणि ऐनवेळी सांगितलेल्या घरासाठी ती उपयोगी पडते.

एखादा जिन्नस कमी पडला, समजा तीस घरांना अठ्ठावीसच बाटल्या तेल, तर कुणाला नाही हे भरणाऱ्यावर सोडू नका. त्याला समोर दिसतील त्या शेवटच्या दोन पिशव्या रिकाम्या जातात, आणि यादीचा क्रम तोच राहिला तर दर वेळी त्याच घरांवर पाळी येते. मागच्या वेळी कुणाला कमी गेलं याची एक ओळ यादीत असू द्या, आणि ज्यांना कमी जाणार त्यांना निघण्याआधी फोन करा.

दूध, दही, मांस असं थंड ठेवायचं काही असेल तर नियम कडक आहेत. ५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की जंतू वाढायला लागतात. फ्रिजबाहेर एकूण दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच. हा वेळ कोठीतल्या टेबलावर ठेवल्यापासून मोजायचा, गाडी निघाल्यापासून नाही. अडीच तासांच्या फेरीत हे गणित बर्फाच्या पाकिटांशिवाय आणि जाड अस्तराच्या पिशवीशिवाय बसत नाही. ते नसेल तर थंड सामान घेऊच नका, देणारा कितीही आग्रह करो. ज्या घरी कुणी भेटलं नाही तिथलं थंड सामान परत आणून पुन्हा वाटायचं नाही.

दारात काय करायचं? निघण्याआधी एक मेसेज: ‘निघालोय, अर्ध्या तासात पोचतो.’ वर गेल्यावर पिशवी आधी खाली ठेवा, मग बेल वाजवा आणि दोन पावलं मागे सरा. गटाचं नाव मोठ्यानं घेऊ नका, ‘मोफत वाटप’ तर नकोच. शेजारची दारं पातळ असतात. पिशवीवर नाव-चिन्ह छापू नका. फोटो काढायचा नाही, पाठमोरासुद्धा नाही. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर भरलेल्या टेबलाचा फोटो द्या. ‘आत ठेवून देऊ का?’ एवढं विचारा, हो म्हटलं तरच उंबरा ओलांडा. कुणी पैसे पुढे केले तर दारात घेऊ नका. गटाच्या खात्याचा तपशील आधीच छापलेल्या चिठ्ठीवर असतो, तो द्या. दार उघडलं नाही तर पाच मिनिटं थांबा, एक फोन करा, मग पुढे निघा. पिशवी दारात ठेवायची किंवा शेजारी द्यायची ती फोनवर तशी परवानगी घेतलेली असेल तरच.

पत्त्यांची यादी ही गटातली सगळ्यात नाजूक वस्तू. दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती टाकणं ही हमखास होणारी चूक. कुणी मारहाणीतून सुटून नव्या पत्त्यावर आलेलं असतं, कुणाला नोकरीच्या ठिकाणी कळू द्यायचं नसतं. पूर्ण यादी दोघांकडेच असू द्या. गाडीवाल्याला त्याच दिवसाची, त्याच्याच फेरीची चिठ्ठी मिळते: क्रमांक, पत्ता, मजला, फोन, आणि कामापुरती सूचना. ‘पायऱ्या उतरता येत नाहीत’ एवढं लिहा, कशामुळे ते नको.

फेरी चालू असताना कोठीत एक माणूस फक्त फोनवर बसलेला लागतो. तो भरत नाही, उचलत नाही. दार सापडत नाही, पिशवी कमी आहे, गाडी बंद पडली, सगळं त्याच्याकडे येतं आणि तो बाकीच्या फेऱ्या हलवतो. नव्या गटात ही जागा बहुतेक रिकामी असते, कारण हातावर हात ठेवून बसल्यासारखं दिसतं. जिने चढता येत नाहीत पण डोकं शांत आहे असं कुणी असेल तर त्यांना ती द्या.

परतल्यावर अर्धा तास राखून ठेवा. चिठ्ठ्या जमा करून फाडा. परत आलेल्या पिशव्यांचे क्रमांक फोनवाल्याकडे लिहून द्या, म्हणजे त्या घरांना संध्याकाळी फोन जाईल. पेट्रोलचे आणि खरेदीचे पैसे त्याच दिवशी चुकते करा. पावत्या दोघांच्या सहीने फाइलला लावा आणि आठवड्याची जमा-खर्चाची ओळ गटात सगळ्यांना दिसेल अशी टाका. स्वतःच्या खिशातले पैसे तीन आठवडे अडकले की स्वयंसेवक भांडत नाही, नुसता यायचा थांबतो.

आणि हात कमी झाले तर? सुट्ट्या, परीक्षा, आजारपणं, होणारच. तेव्हा पिशव्या हलक्या करू नका, कारण जिने तेवढेच राहतात; वेळ जातो तो दारांवर, किलोंवर नाही. तीस घरांचे दोन गट पाडा आणि एका आठवड्याआड पंधरा-पंधरा घरांना दोन आठवड्यांचं कोरडं सामान एकदम द्या. दर शनिवारी पंधराच दारं, पिशव्या मात्र जड होतील, म्हणून प्रत्येक गाडीत चढणारे दोघं हवेत. हा बदल घरांना बुधवारपर्यंत फोनवर सांगा. शुक्रवारी रात्री सांगितलं तर त्यांना दुसरी सोय करायला वेळच उरत नाही.